मोंढ्यातली ज्वारी आणि मेडिकलमधली गोळी

मोंढ्यात ज्वारी घ्यायला गेलेला माणूस आधी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. कट्‌दिशी फुटला तर माल वाळलेला. कापूस असेल तर बोटांनी धागा ओढून बघतो, बैल असेल तर दात मोजतो. आमच्या मराठवाड्यात शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा या पारखीत सहसा फसत नाही. तोच माणूस संध्याकाळी माझ्या काउंटरवर येतो, चिठ्ठी पुढे करतो, मी दिलेली पांढरी गोळी शर्टाच्या खिशात टाकतो आणि घरी जातो. ती गोळी औषधाची आहे की खडूची, पाचची आहे की पन्नासची, हे कळायला त्याच्याकडे काही मार्ग नसतो. खरं सांगायचं तर नुसती गोळी हातात घेऊन मलाही ते कळत नाही.

फार्मसीचा, म्हणजे औषध तयार करण्याच्या आणि देण्याच्या विद्येचा, सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. घेणाऱ्याला पारख करता येत नाही, मग त्यानं भरवसा ठेवायचा कशावर? चार हजार वर्षांत माणसांनी याची निरनिराळी उत्तरं काढली. कुणी माप ठरवलं, कुणी शिक्का मारला, कुणी शपथ घ्यायला लावली, कुणी कायदा केला. मेडिकलच्या पाटीवरचा कटोऱ्याला वेढा घातलेला साप, खलबत्ता, चिठ्ठीच्या डोक्यावरचं ते पाय छेदलेलं इंग्रजी ‘आर’ अक्षर, ही सगळी त्याच उत्तरांची पिल्लं आहेत. मी परळीच्या बाजूचा, आयुष्याची बरीच वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा राहिलेला माणूस. या खुणा रोज बघतो, त्यामुळे त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

आजीची सहाण

फार्मसी म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मला आजीची बाळगुटी पुरते. खणाच्या चिंधीत बांधलेली मुरडशेंग, वेखंड, हिरडा, सुंठ, हळकुंड, काकडशिंगी, जायफळ. बाळाला न्हाऊ घातलं की सहाण स्वच्छ धुवायची, त्यावर आईच्या दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक काडी उगाळायची. माप होतं वेढ्याचं. काडी सहाणेवर एकदा गोल फिरली की एक वेढा. मुरडशेंगेचे चार, हिरड्याचे तीन, सुंठीचे दोन. जायफळाला हात लावताना मात्र आजी थांबायची. “याचा अर्धाच. जास्त झालं तर लेकरू गुंगून पडतं,” म्हणायची. उगाळून झालं की प्रत्येक काडी पुसून, वाळवून परत चिंधीत.

यात फार्मसीचे सगळे भाग आले. कोणतं द्रव्य, किती, कशा रूपात, कशाबरोबर, आणि ते टिकवायचं कसं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि काउंटरवर मीही तेच सांगतो. पण आजीला जायफळाजवळ थांबायचं कळत होतं, ते थांबणं हाच या विद्येचा गाभा आहे.

जगातली औषधांची सगळ्यात जुनी लेखी यादी म्हणून जी ओळखली जाते ती मातीच्या पाटीवर आहे. आजच्या इराकमधल्या निप्पूर इथं सापडलेली ही सुमेरी पाटी सुमारे ४१०० वर्षांपूर्वीची. तिच्यात मीठ, हिंग, दूध, सापाची कात, कासवाचं कवच अशी द्रव्यं आहेत. वाटायचं, गाळायचं, लेप द्यायचा, हेही आहे. नाही ते फक्त प्रमाण. किती घ्यायचं ते लिहिणाऱ्यानं लिहिलेलंच नाही. मला ती पाटी वाचताना आजीच आठवते, कारण तिच्याही वेढ्यांचा हिशेब कुठं लिहिलेला नव्हता, हातात होता. पुढे सुमारे इ.स.पू. १५५० च्या इजिप्तमधल्या एका गुंडाळीत आठशेहून जास्त उपचार येतात आणि अनेक ठिकाणी मापंही येतात. साधारण वीस मीटर लांबीची ही गुंडाळी एबर्स पपायरस म्हणून ओळखली जाते आणि जर्मनीत लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे.

आपल्याकडे चरकसंहितेत एका द्रव्याला द्यायची पाच रूपं सांगितली आहेत. ओल्या वनस्पतीचा पिळून काढलेला अंगरस, वाटून केलेला गोळा, उकळून केलेला काढा, रात्रभर गार पाण्यात भिजवून काढलेला हिम, आणि गरम पाणी ओतून चहासारखा केलेला फांट. वनस्पती तीच, पण रूप बदललं की अंगात किती उतरतं आणि किती लवकर उतरतं ते बदलतं. आज कंपन्या गोळी, कॅप्सूल, सिरप, इंजेक्शन असं एकच औषध वेगवेगळ्या रूपांत काढतात, त्यामागचा विचार हाच.

त्याच ग्रंथात उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. औषध विकणारा पाचवा माणूस या खाटेला नाही. झाड वैद्यानंच ओळखायचं, तोडायचं, वाटायचं आणि द्यायचं. रोग्याचा भरवसा एकाच माणसावर.

मात्रा

ग्रीक भाषेत औषधाला ‘फार्माकॉन’ म्हणत, आणि विषालाही तोच शब्द होता. फार्मसी हा शब्द तिथूनच आला. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्यानं स्पष्टच मांडलं की प्रत्येक गोष्ट विष आहे, विष ठरतं ते मात्रेमुळे. मराठीनं हे ज्ञान फार सहजपणे जिरवून घेतलंय. ‘मात्रा’ म्हणजे प्रमाण आणि ‘मात्रा’ म्हणजे औषधही. एखाद्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा वैद्यकाचीच भाषा बोलत असतो. घरात ‘औषधालासुद्धा साखर नाही’ म्हणतो, कारण औषध म्हणजे चिमूटभर हे गृहीतच आहे.

चिमूट मोजायला गुंज होती. लाल दाणा, टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सोनार आणि वैद्य दोघंही यानंच तोलायचे. गुंज स्वतः विषारी आहे. तिचं बी चावून पोटात गेलं तर जीवावर बेतू शकतं. तरी वजनासाठी तीच निवडली गेली, कारण दाणे बऱ्यापैकी एकसारखे भरतात. युरोपात हेच काम धान्याच्या दाण्यानं केलं आणि त्या मापाला ग्रेन म्हणजे दाणाच म्हणत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम.

हे माप मेलं असं वाटतं, पण ते तुमच्या घरात आहे. तापाची पॅरासिटामॉलची साडेसहाशेची गोळी सगळ्यांना माहीत आहे. साडेसहाशेच का, सहाशे किंवा सातशे का नाही? दहा ग्रेनचे मिलिग्रॅम करून बघा, ६४८ येतात. अंगदुखीच्या, सर्दीच्या अनेक गोळ्यांवर पॅरासिटामॉल ३२५ असतं, ते पाच ग्रेन. मेट्रिक मापं आली, पण जुन्या दाण्यांचा हिशेब थोडा पूर्णांकात बसवून तसाच पुढे आला.

पैठण, तेर, देवगिरी

औषधी द्रव्यं दूरवरून येऊ लागली तसा भरवशाचा प्रश्न अवघड झाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात आपलं पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. इथला माल गाड्यांवरून भडोचला जायचा आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत कापडाबरोबर जटामांसी, कुष्ठ, गुग्गुळ, पिंपळी ही औषधी द्रव्यंही आहेत. आता विचार करा, अलेक्झांड्रियातल्या किंवा रोममधल्या माणसानं पिंपळी खरी की भेसळीची हे कसं ओळखायचं? झाड त्यानं बघितलेलंच नाही.

यावर ग्रीकांनी काढलेला एक तोडगा म्हणजे शिक्का. लेम्नॉस बेटावरची औषधी माती छोट्या वड्या करून, त्यावर ठसा उमटवून विकली जायची. ठसा असला तर माल अस्सल. आजच्या ट्रेडमार्कचा हा फार जुना पूर्वज. दुसरा तोडगा व्हेनिसवाल्यांचा. तिथं ‘थेरियाक’ नावाचं साठाहून अधिक द्रव्यांचं विषहारक औषध भर चौकात, लोकांदेखत आणि अधिकाऱ्यांदेखत कुटलं जायचं. काय पडतंय ते सगळ्यांनी बघा, मग घ्या.

देवगिरीचा उल्लेख केल्याशिवाय मराठवाड्यातल्या माणसाला पुढे जाववणार नाही. हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो आणि फक्त देवळांशी जोडतो, त्यानं वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. यादवांच्या राज्याचा कारभार बघणारा माणूस औषधांच्या ग्रंथावर बसून शब्दन्‌शब्द उलगडत होता. त्याच्याच आश्रयाला बोपदेव होता, वैद्य केशवाचा मुलगा. त्याची ‘शतश्लोकी’ चूर्ण, गुटिका, तूप, तेल, काढे यांच्या कृतींसाठी लिहिलेली आहे. तो निखळ औषधनिर्मितीचा ग्रंथ आहे. दौलताबादचा किल्ला चढताना तोफा आणि भुयार बघायला सांगणारे खूप भेटतात. इथं औषधांच्या कृती लिहिल्या गेल्या हे सांगणारं अजून मला कुणी भेटलेलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे

आमच्याकडे डॉक्टरकडे जाणं म्हणजे ‘दवाखान्यात जाऊन येतो’. शब्दाचा सरळ अर्थ बघा: दवाखाना, औषधाचं घर. पण आज दवाखान्यात औषध बहुतेक वेळा मिळत नाही, चिठ्ठी मिळते. औषध रस्त्याच्या पलीकडे, मेडिकलवर. हा रस्ता आपोआप पडलेला नाही.

औषध विकणारा वेगळा धंदेवाईक म्हणून ठळकपणे पुढे आला तो आठव्या-नवव्या शतकात, बगदादमध्ये. अरबी भाषेत त्याला ‘सैदलानी’ म्हणत. बाजारावर नजर ठेवणारा ‘मुहतसिब’ हा अधिकारी त्याची वजनं आणि माल तपासायचा. अकराव्या शतकात अल्‌ बिरुनीनं औषधी द्रव्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि एकाच द्रव्याची अरबी, ग्रीक, फारसी, भारतीय अशी अनेक भाषांतली नावं दिली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. नाव चुकलं की औषध चुकतं, हे त्याला कळलेलं होतं.

ही परंपरा फारसीच्या वाटेनं दख्खनमध्ये उतरली, आणि पुढे निजामाच्या राज्यात युनानी हकिमांना राजाश्रय मिळाला. मराठवाड्यातल्या गावागावांत अत्तार दिसतात. अत्तार म्हणजे मूळचा सुगंधी आणि औषधी माल विकणारा. गांधी हे आडनावही तसंच, गंधी द्रव्यं विकणाऱ्याचं. अर्क, मलम, दवा हे शब्द त्याच वाटेनं आले. जुलाब हा शब्द तर मुळात ‘गुलाब’ आहे, गुलाबपाणी; पोट साफ करायला गुलाबाचं औषध देत, त्यावरून मराठीत परिणामालाच ते नाव पडलं. इंग्रजी सिरप आणि आपलं शरबत हीसुद्धा एकाच अरबी धातूची लेकरं.

वैद्य आणि औषधविक्या यांच्यामध्ये कायद्याची भिंत मात्र युरोपात उभी राहिली. सिसिलीचा राजा आणि सम्राट दुसरा फ्रेडरिक यानं १२३१ ला कायद्यांची एक संहिता जाहीर केली. तिच्यात आणि नंतरच्या काही वर्षांतल्या पुरवण्यांत त्यानं ठरवून टाकलं की वैद्यानं औषधाचं दुकान चालवायचं नाही, दुकानदाराशी भागीदारी करायची नाही, औषधाच्या किमतीवर मर्यादा राहील आणि औषध बनवणाऱ्यानं नियमाप्रमाणे बनवण्याची शपथ घ्यायची. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीवर सिंघण यादव राज्य करत होता.

याचा फायदा दुहेरी आहे. लिहिणाराच विकत असेल तर जास्त लिहिण्याचा मोह होतो, ही एक गोष्ट. दुसरी मला जास्त मोलाची वाटते. एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं वाचायचं, म्हणजे चूक पकडायला आणखी दोन डोळे मिळतात. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी चिठ्ठी आणली. घाईत लिहिलेलं अक्षर. वाचलं तर मधुमेहाची गोळी वाटत होती, आणि एक अक्षर वेगळं धरलं तर पित्ताची. मी विचारलं, “बाबा, साखर आहे का तुम्हाला?” ते म्हणाले, “साखर कशाची? छातीत जळजळतंय.” डॉक्टरांना फोन केला. पित्ताचीच होती. न विचारता दिली असती तर साखर नसलेल्या माणसाची साखर उतरली असती, आणि ते एकटेच शेतात राहत होते. चिठ्ठी वाचताना दरवेळी मला ते बाबा दिसतात.

घे

आता त्या पाय छेदलेल्या ‘आर’कडे येऊ. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात असतं ते. त्याला आपण ‘आरएक्स’ म्हणतो, पण त्यात एक्स नाहीच. लॅटिनमध्ये ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’. हातानं पोथ्या लिहिणारे लोक शब्द तोडून लिहिला की अक्षरावर आडवी-तिरकी रेघ मारत. ‘आर’च्या पायावरची रेघ म्हणजे ‘हा शब्द पुरा नाही’ एवढीच खूण. वैद्य औषध बनवणाऱ्याला सांगतोय: घे, अमुक इतकं, तमुक इतकं, आणि कर. स्वयंपाकाच्या कृतीला इंग्रजीत रेसिपी म्हणतात, तो शब्द इथूनच स्वयंपाकघरात गेला. हे चिन्ह इजिप्तच्या होरस देवाच्या डोळ्यावरून किंवा गुरू ग्रहाच्या चिन्हावरून आलं अशा गोष्टी मोबाइलवर फिरत असतात. ऐकायला छान आहेत, पण लॅटिन हस्तलिखितं बघितली की त्यांची गरज उरत नाही.

खलबत्त्याला फार समजावायला नको. तुकडा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तितका तो लवकर विरघळतो. म्हणून औषध कुटायचं, घोटायचं. आयुर्वेदात धातू-खनिजांची औषधं करण्याचं जे रसशास्त्र आहे, त्यात तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस खल करतात. एखाद्या प्रश्नावर बैठकीत ‘बराच खल झाला’ असं आपण म्हणतो, ते या खलातूनच.

सापाची गोष्ट मोठी आहे. ग्रीकांचा आरोग्यदेव अ‍ॅस्क्लेपिअस. त्याच्या हातात काठी आणि काठीला एक साप. त्याच्या देवळांत रोगी रात्री झोपायला जात आणि आवारात साप मोकळे फिरत. त्याची मुलगी हायजिया. तिच्या हातात कटोरा आणि कटोऱ्यातून पिणारा साप. हायजीन हा शब्द तिच्यावरून आला. काठी-साप वैद्यकाकडे राहिला आणि कटोरा-साप औषधवाल्यांकडे आला. १७९६ मध्ये पॅरिसच्या औषधतज्ज्ञांच्या संस्थेनं तो आपल्या पदकावर कोरला आणि तेव्हापासून तो फार्मसीचा होऊन बसला. दोन साप आणि वर पंख असं जे तिसरं चिन्ह कितीतरी दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसतं, ते खरं तर हर्मिस या देवाचं. हर्मिस व्यापाऱ्यांचा आणि वाटसरूंचा देव. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागानं १९०२ मध्ये ते घेतलं आणि घोळ जगभर पसरला. पाटी रंगवून घेणाऱ्यांना माझं सांगणं एकच: एक साप, पंख नकोत.

साप का? कात टाकून नवा होतो म्हणून, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. दुसरा एक तर्क मला मराठवाड्यातला म्हणून भिडतो. तो सगळ्यांना मान्य नाही, पण ऐकण्यासारखा आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवतो. बारवेत उतरून भरलेल्या पाण्यातून तो पोटात जायचा आणि वर्षभरानं पायाच्या फोडातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर यायचा. ओढला तर तुटायचा आणि पाय सडायचा. म्हणून त्याचं तोंड बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडा थोडा वेढा देत आठवडे काढायचे. काडीला गुंडाळलेला नारू म्हणजेच देवाच्या काठीवरचा साप, असं काही अभ्यासक म्हणतात. पाणी गाळून पिण्याच्या आणि बारवा सुधारण्याच्या मोहिमेनं हा रोग गेला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आणि परळीच्या माणसाला साप, विष, अमृत ही मंडळी परकी कशी वाटतील? आमचा देवच वैद्यनाथ. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी दैत्यांपासून वाचवण्यासाठी विष्णूनं या लिंगात लपवले, दैत्यांनी हात लावला तर ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी लावला तर अमृत पाझरलं, अशी कथा इथं सांगतात. म्हणून परळीत भक्त लिंगाला स्पर्श करतात. एकाच दगडातून एकाला आग आणि दुसऱ्याला अमृत. फार्माकॉन या शब्दाचा अर्थ मला पुस्तकाआधी या देवळात कळला.

पुढे सापाचं चिन्ह अक्षरशः खरं झालं. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या विषात रक्तदाब एकदम खाली आणणारे घटक आहेत. त्यांचा अभ्यास करून कॅप्टोप्रिल हे औषध बनलं. १९८१ मध्ये अमेरिकेत ते वापराला मंजूर झालं. ज्या बीपीच्या गोळ्यांचं मूळ नाव ‘प्रिल’नं संपतं, त्या सगळ्या याच घराण्यातल्या.

दुकानावर लाल फुली रंगवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती थांबवायला हवी. पांढऱ्यावर लाल फुली ही युद्धातल्या जखमींना आणि त्यांना वाचवणाऱ्यांना संरक्षण देणारी, जिनिव्हा करारातली खूण आहे, आणि भारतात १९६० च्या कायद्यानं ती इतरांना वापरायला बंदी आहे. युरोपात दुकानांनी म्हणूनच हिरवी फुली घेतली. हॉलंडमध्ये तर जुन्या औषधाच्या दुकानांवर जीभ बाहेर काढलेलं, आ वासलेलं लाकडी मुंडकं लावत. वाचता न येणाऱ्यालाही कळावं की इथं तोंड उघडून घ्यायचं औषध मिळतं.

पाकिटावरची भाकरी

एकोणिसाव्या शतकात भरवशाचं सगळ्यात मोठं उत्तर सापडलं, आणि ते औषध बनवणाऱ्यांनाच सापडलं. जर्मनीत झेर्ट्युर्नर या तरुण औषधवाल्यानं १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. अफू शेताशेताप्रमाणे कमी-जास्त कडक निघते; मॉर्फिनचा एक ग्रेन मात्र कुठंही एक ग्रेनच. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच औषधतज्ज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. मात्रा नेमकी मोजता येऊ लागली.

भारतात १९०१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांच्या बंगाल केमिकल या औषध कारखान्याची रीतसर कंपनी झाली, तरी बाजारात भेसळ माजलेलीच होती. १९३० मध्ये कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्यातून १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. १९४८ म्हणजे मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला ते वर्ष. १९५५ मध्ये भारतीय औषधकोशाची पहिली आवृत्ती निघाली. औषधकोश म्हणजे प्रत्येक औषध किती शुद्ध असावं, ते कसं तपासावं हे ठरवणारा सरकारी ग्रंथ. फ्लॉरेन्समध्ये असा पहिला ग्रंथ पंधराव्या शतकाच्या शेवटी निघाला होता. गोळ्यांच्या पत्त्यावर, म्हणजे स्ट्रिपवर, औषधाच्या नावापुढं ‘आय. पी.’ अशी अक्षरं असतात, ती या कोशाची. लेम्नॉसच्या मातीवरचा ठसाच तो, फक्त त्याच्या मागे आता प्रयोगशाळा आहे.

माझ्या लहानपणी सरकारी दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतलं लालसर मिक्श्चर तीत ओतायचा आणि बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवायचा. एक दाता म्हणजे एक डोस. “हलवून घे,” म्हणायचा. न विरघळलेली पूड तळाशी बसते, न हलवता घेतलं तर वरच्या दात्यात नुसतं पाणी आणि शेवटच्या दात्यात सगळं औषध. आता गोळ्या कारखान्यातून तयार येतात, त्यामुळे माणसांना वाटतं की काउंटरमागच्याचं काम फक्त कपाटातून काढून देण्याचं. काही दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि त्यावरचा माणूस गावातसुद्धा नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कायदा सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं, आणि तुम्ही ‘फार्मासिस्ट कोण आहे?’ असं बिनधास्त विचारू शकता.

पत्ता हातात घेतलात की लाल उभी पट्टी आहे का बघा. असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. त्यावर लाल रंगात छापलेलं पाय छेदलेलं ‘आर’ असेल तर काळजी आणखी जास्त. बऱ्याच जालीम अँटिबायोटिक्सवर आणि क्षयरोगाच्या औषधांवर ते दिसेल. अशा औषधासाठी आम्हाला वेगळी वही ठेवावी लागते, तीत डॉक्टरांचं नाव, रोग्याचं नाव, औषध आणि संख्या लिहून ती तीन वर्षं सांभाळावी लागते. दोनच गोळ्या मागितल्या तर कात्री कुठून चालवली तेही बघा. मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत शाबूत राहायला हवा.

आमच्याकडे दर महिन्याला एक आजी बीपीच्या गोळ्यांना येतात. अक्षरओळख नाही. पाकिटावर मी सकाळच्या गोळीला सूर्य काढतो, रात्रीच्या गोळीला चंद्र. मध्यंतरी त्यांना दुपारचीही एक गोळी सुरू झाली. दुपारसाठी काय काढावं ते मला सुचेना, तेव्हा त्यांनीच सांगितलं, “भाकर काढ की.” मी पेनानं एक गोल काढला, त्यावर पापुद्र्याचे चार ठिपके दिले. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं, “जेवल्यावर का जेवायच्या आधी?” असं विचारलं, आणि मी भाकरीचा एक तुकडा तोडलेला दाखवला.